बुडत्या कंपनीचा वकील कुणाचा?

रविवारी भाची जेवायला आली ती लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच. आमरसाची वाटी समोर तशीच, कानाला फोन आणि मला हातानं खूण, 'मावशी, दोनच मिनिटं!' त्या दोन मिनिटांचा पाऊण तास झाला. पोरगी वकील आहे. मुंबईत फोर्टातल्या एका फर्ममध्ये बुडालेल्या कंपन्यांची कामं पाहते. हे काम नेमकं काय असतं ते तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, एकदा शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि निकाल दिला होता, 'म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणीच की गं!' तेव्हा भाची खो खो हसली होती. या रविवारी तेच वाक्य तिनं स्वतःहून काढलं, पण हसली नाही.

झालं होतं असं. (कंपनीचं नाव तिनं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. तिला विचारूनच हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) एका बंद पडलेल्या कारखान्यातली बाई त्यांच्या ऑफिसात आली. पॅकिंग खात्यात एकोणीस वर्षं काम केलेलं. पिशवीत पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, कारखान्याचं ओळखपत्र. थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी मिळावी म्हणून जो दावा दाखल करायचा असतो, तो तिनं मुदतीत केलाच नव्हता. कारण साधं होतं. असा दावा करावा लागतो हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'कंपनीचं सगळं आता तुम्हीच बघता असं वॉचमन बोलला, म्हणून आले ताई,' ती म्हणाली. ताईंची अडचण अशी, की त्या कंपनीचं काम बघत असल्या तरी या बाईच्या वकील नव्हत्या. त्यांचा अशील दुसराच. बाईला 'असं करा, तसं करा' सांगणं म्हणजे आपल्याच अशिलाच्या विरोधात सल्ला देणं.

'मग तू काय केलंस?'

'सांगते. आधी आमरस खाऊ दे.'

तिला खाऊ दे. तोवर हा अशील कोण ते आपण समजून घेऊ. कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे.

पूर्वी आजारी कारखाने 'बीआयएफआर'कडे जायचे आणि वर्षानुवर्षं तिथेच पडून राहायचे. यंत्रं गंजायची, कामगार म्हातारे व्हायचे, मालक मात्र बंगल्यात. हे थांबावं म्हणून २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला. इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड, थोडक्यात आयबीसी. कंपनीनं हप्ते थकवले की बँक किंवा एखादा पुरवठादार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जातो. मुंबईचं खंडपीठ कफ परेडला एमटीएनएलच्या इमारतीत बसतं. अर्ज दाखल करून घेतला गेला की त्या दिवसापासून संचालक मंडळ बाजूला आणि कंपनीच्या किल्ल्या एका तिऱ्हाइताच्या हाती. हा 'रिझोल्यूशन प्रोफेशनल', सगळे त्याला आरपी म्हणतात. तो चार्टर्ड अकाउंटंट असेल, कंपनी सेक्रेटरी असेल, कॉस्ट अकाउंटंट किंवा वकीलही असेल. त्यानं कंपनी चालू ठेवायची, कुणाचं किती देणं आहे ते तपासायचं आणि कंपनी विकत घेणारा शोधायचा. कागदावर या सगळ्याला जास्तीत जास्त ३३० दिवस. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका.

भाचीचा अशील म्हणजे हा आरपी.

आता आपल्या घरातली गोष्ट घ्या. वडिलांच्या माघारी वाटण्या करायच्या आहेत आणि भावंडांचं पटत नाही. म्हणून बाहेरचा एक शहाणा माणूस मध्यस्थ म्हणून बसवला. पण त्याला बोलावलं कुणी? थोरल्यानं. त्याची फी ठरवली कुणी? थोरल्यानं. काम पटलं नाही तर त्याला उठवून दुसरा आणण्याचा अधिकार कुणाला? पुन्हा थोरल्यालाच. आणि फी मात्र द्यायची कशातून, तर सगळ्यांच्या सामाईक पैशातून, तीही सर्वांत आधी. असा मध्यस्थ विधवा वहिनीकडे किती वेळा मान वळवून बघेल?

आयबीसीमध्ये थोरला म्हणजे बँका आणि वित्तसंस्था. त्यांची समिती ६६ टक्के मतांनी आरपीला कायम करते, त्याची फी ठरवते, बदलायचं तर बदलते, आणि कंपनी कुणाला द्यायची तेही तीच मंजूर करते. आरपीचा आणि प्रक्रियेचा खर्च सगळ्यांच्या आधी, पूर्ण चुकता. घर बुक करून फसलेल्यांना २०१८ च्या दुरुस्तीनं या समितीत मत मिळालं, ते लढून मिळवलं त्यांनी. कामगारांना आणि पुरवठादारांना मत नाही. त्यांची मिळून थकबाकी एकूण कर्जाच्या १० टक्के झाली तर त्यांच्या प्रतिनिधीला बैठकीत बसता येतं. बसता येतं फक्त. हात वर करता येत नाही.

म्हणजे आरपीनं आणि त्याच्या वकिलानं मनात आणलं तरच पॅकिंग खात्यातल्या बाईचं नाव त्या खोलीत उच्चारलं जातं. कायद्यानं तो सर्वांसाठी तटस्थ. त्याच्यासाठी आचारसंहिता आहे, स्वतंत्र राहा म्हणून सांगणारी. पण स्वतंत्र राहा सांगणं सोपं असतं हो. ज्याच्या हातात तुमचं पुढचं काम आहे, तो समोर बसलेला असताना ते निभावायचं असतं. हे वर्तुळ तसं लहान. त्याच त्या बँका, त्याच चार-दोन सल्लागार कंपन्या, तेच वकील. आज ज्या बँकेच्या अधिकाऱ्याला तुम्ही 'साहेब, हे नियमात बसत नाही' म्हणालात, तोच पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीसाठी नावं सुचवणार असतो. कुणी लाच देत नाही, कुणी धमकी देत नाही. फोन यायचा बंद होतो, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, फी घेऊच नये की काय? तसं नाही. मोडकळीला आलेल्या कंपनीत रात्रंदिवस बसायचं, जुन्या मालकाचे कज्जे झेलायचे, कामगारांचा संताप अंगावर घ्यायचा, हे फुकट कोण करेल? कमी पैशात चांगली माणसं येत नाहीत म्हणून तर २०२२ च्या ऑक्टोबरपासून आरपीची किमान फी ठरवून दिली. ५० कोटींपर्यंतच्या दाव्यांना महिन्याला १ लाख, पुढे दाव्यांबरोबर चढती. माझ्या आईचं 'लोणी' मला म्हणून पूर्ण पटत नाही. प्रेत नव्हे, पेशंट असतो तो बऱ्याचदा, आणि डॉक्टरला फी लागतेच. पण डॉक्टरची फी आणि पेशंटच्या पोराबाळांचं जेवण एकाच डब्यातून जात असेल, तर डब्याकडे लक्ष ठेवणारा कुणी हवा की नको?

व्हिडिओकॉनचं उदाहरण बघा. औरंगाबादजवळच्या चितेगावचा कारखाना, आपल्यापैकी कितीजणींच्या घरात पहिला रंगीत टीव्ही व्हिडिओकॉनचा आला असेल! २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समूहातल्या तेरा कंपन्या एकत्र धरून मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटींचे. वेदान्त समूहातल्या ट्विन स्टारनं देऊ केले सुमारे २,९६२ कोटी. शंभर रुपयांच्या उधारीला चार रुपये आणि थोडी चिल्लर. बँकांच्या समितीनं ९५ टक्के मतांनी हे मान्य केलं. बँकवाले या सुटीला 'हेअरकट' म्हणतात. पुरवठादारांची तर ९९ टक्क्यांहून जास्त रक्कम बुडणार होती. ८ जून २०२१ च्या आदेशात एनसीएलटीनंच लिहिलं, की याला हेअरकट म्हणायचं की सफाचट मुंडण! या पुरवठादारांमध्ये छोटे उद्योगही होते, आणि असे उद्योग म्हणजे पुष्कळदा घरातल्या बाईचे दागिने गहाण टाकून उभी केलेली शेड असते, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको.

पण त्या आदेशातली माझ्या विषयाची गोष्ट वेगळीच आहे. कंपनी मोडीत काढली तर किती येतील, या आकड्याला लिक्विडेशन व्हॅल्यू म्हणतात. बोली लावणाऱ्यांना तो कळू नये, म्हणून गुप्त ठेवायचा असतो. व्हिडिओकॉनमध्ये तो होता सुमारे २,५६८ कोटी. बोली त्याच्या अगदी जवळ आली. हे कसं जुळलं, गुप्तता खरोखर पाळली गेली का, असा प्रश्न न्यायाधिकरणानं विचारला आणि नियामक मंडळाला, म्हणजे आयबीबीआयला, तो तपासायला सांगितला. आकडा फुटला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हेही लगेच सांगते. तरी त्याच आदेशात योजना मात्र मंजूर झाली! कारण समितीच्या व्यापारी शहाणपणात न्यायालयानं ढवळाढवळ करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये एस्सार स्टीलच्या निकालात सांगून ठेवलेलं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणानं ही मंजुरी रद्द केली.

लाखमोलाचा आकडा एका पाकिटात, ते पाकीट थोड्याच माणसांच्या हातात. त्या माणसांत असते एखादी तिशीतली वकील, घरभाड्याची आणि शैक्षणिक कर्जाची चिंता करणारी. भाची म्हणते, 'मावशी, आमच्या धंद्यात मोह असा समोर येऊन मोह म्हणून उभा राहत नाही. तो ई-मेलमध्ये सीसीत असतो.'

अशीच एक अमेरिकेतली गोष्ट तिनं सांगितली. जॉन जेलीन हा न्यूयॉर्कच्या मिलबँक ट्वीड या बड्या फर्ममधला भागीदार, दिवाळखोरीच्या कामातला हुशार माणूस. मिलवॉकीची ब्युसायरस-ईरी ही खाणीची यंत्रं बनवणारी कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचं काम त्याच्याकडे आलं. तिकडे वकिलाला शपथेवर सांगावं लागतं, की या प्रकरणातल्या कुणाकुणाशी माझा किंवा माझ्या फर्मचा संबंध आहे. त्याची फर्म त्याच वेळी कंपनीच्या एका मोठ्या धनकोशी जोडलेल्या फंडवाल्याचंही काम करत होती. जेलीननं ते लिहिलं नाही. त्यातून त्याच्या खिशात वेगळा पैसा गेला असंही नाही. लिहिलं असतं तर कदाचित काम हातचं गेलं असतं, कदाचित नसतंही गेलं. १९९८ मध्ये ज्युरीनं त्याला फसवणूक आणि खोटी शपथ यांसाठी दोषी ठरवलं. १५ महिन्यांची शिक्षा झाली, फर्मला सुमारे १९ लाख डॉलरची फी परत करावी लागली. या प्रकरणावर मिल्टन रेगन या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००४ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. मोठ्या फर्ममध्ये काम आणणाऱ्याला जपलं जातं, त्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा नसतो, आणि मग न विचारणं हीच सवय होते, असा त्यांचा रोख.

आपल्याकडेही असं उघड करणं बंधनकारक आहे. कंपनी, धनको, वकील, मूल्यांकन करणारे यांच्याशी असलेले संबंध आरपीनं जाहीर करायचे, असं आयबीबीआयनं २०१८ च्या जानेवारीतच सांगितलं. तो फॉर्म भरणं हे फर्ममधल्या सर्वांत ज्युनियर मुलीचं काम असतं. 'नील, नील, नील' असं टाइप करत जायचं आणि सरांनी सही करायची. भाचीनं एकदा एका 'नील'वर बोट ठेवलं होतं. 'पाच वर्षांपूर्वीचं काम ते, कोण विचारतंय?' असं उत्तर आलं. तिनं मेल करून लेखी विचारलं. लेखी विचारल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी फॉर्म बदलला. मला वाटतं, या व्यवसायातलं बरंचसं नीतिशास्त्र तोंडी बोललेलं लेखी करण्यात आहे. त्याची किंमतही आहे. पुढचे तीन महिने तिला चांगलं काम मिळालं नाही.

जेट एअरवेजचं कुणाला आठवत नाही? १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं विमान उतरलं. हवाई सुंदऱ्या, इंजिनीअर, सामान चढवणारे, हजारो लोक एका रात्रीत बसून राहिले. दोन महिन्यांनी प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत. २०२१ मध्ये जालान-कालरॉक यांची योजना मंजूर झाली. आता पीएफ आणि ग्रॅच्युइटी म्हणजे घामाचा पैसा, पण तोही पूर्ण मिळण्यासाठी कर्मचाऱ्यांच्या संघटनांना अपिलात जावं लागलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणानं, दिवाळखोरी सुरू झाली त्या दिवसापर्यंतचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असं सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी हाती काय? योजनेतले पैसेच वेळेत आले नाहीत. शेवटी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. विमान बंद पडल्यापासून साडेपाच वर्षं! ३३० दिवसांचा कायदा म्हणे.

आणि या काळात तारखांना उभे राहणारे वकील दोन्ही बाजूंनी उत्तमच होते. यात कुणी खलनायक शोधायला गेलं तर सापडणार नाही. प्रत्येकानं आपापल्या अशिलाचं काम चोख केलं. प्रत्येकजण आपल्या अशिलाचा, आणि वेळ कुणाचा जातो आहे हे बघणं कुणाचंच काम नाही.

वरिष्ठ न्यायाधीशांचंही यात एकमत होत नाही, हे भूषण पॉवर अँड स्टीलमध्ये दिसलं. २ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं आरपी आणि समिती दोघांवर ताशेरे ओढून जेएसडब्ल्यूची योजना रद्द केली. जुलैअखेर तो निकाल मागे घेतला गेला आणि २६ सप्टेंबरला दुसऱ्या खंडपीठानं तीच योजना कायम केली. एकाच फायलीतल्या त्याच कागदांत एकाला कर्तव्यात कसूर दिसली, दुसऱ्याला नाही. मग तिशीतल्या मुलीनं कुठली रेघ आखून घ्यायची?

असो. आमरस संपला.

'मी तिला पाणी दिलं,' भाची सांगू लागली. 'आणि स्पष्ट सांगितलं, मावशी, मी तुमची वकील नाही, माझ्यावर विसंबू नका. तुमचा वकील करा.' बाईनं पिशवीकडे बघितलं. वकील करायला पैसे असते तर ती आली असती का? तेव्हा हिनं तिला एका कागदावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून दिला. मैत्रिणींनो, हे कापून ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो, आणि तो न्यायाधिकरणापुढेही चालतो. दुसरं, कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावीच लागते. तीच ती आतल्या पानावरची बारीक टाइपातली चौकट, जिच्यावर आपण भाजी निवडतो. तिच्यात दाव्याची शेवटची तारीख असते. कामगार-कर्मचाऱ्यांसाठी 'फॉर्म डी'. नवऱ्याची, मुलाची, स्वतःची कंपनी डळमळते आहे असं कळलं, की ती चौकट वाचायची.

पाण्याच्या ग्लासावर आणि पत्त्यावर भाचीचं समाधान झालं नाही. तिनं कंपनीचं पगारपत्रक उघडून पाहिलं. बाईचं नाव त्यात होतं, थकबाकीसकट. तिच्यासारखी आणखी एकतीस नावं होती, दावा न केलेली. तिनं सरांसाठी टिपण तयार केलं, की ही नावं आपल्याच अशिलाच्या ताब्यातल्या वहीत आहेत, ती न पाहिल्यासारखं करणं बरोबर नाही. जून २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणानं घर घेणाऱ्यांच्या एका प्रकरणात म्हटलं होतं, की दावा आला नसला तरी कंपनीच्या दप्तरात दिसणाऱ्यांची नोंद आरपीनं माहितीपत्रकात करायला हवी. तोच धागा तिनं कामगारांना लावला. आणि यात अशिलाशी बेइमानी कुठे आहे? आरपी तटस्थ असेल, तर त्याला त्याच्याच वहीतलं दाखवणं हा त्याच्याच हिताचा सल्ला.

सरांनी तो परिच्छेद लाल शाईनं काढून टाकला. शेजारी लिहिलं, 'आपला क्लायंट कोण?'

रविवारचा तो पाऊण तासाचा फोन त्यांचाच होता. मंगळवारी बँकांची बैठक, योजनेवर मतदान, आता एकतीस-बत्तीस नावं मध्येच आणली तर आकडे पुन्हा मांडावे लागतील, बोली लावणारा बिथरेल, मुदत जाईल. त्यांचं सगळं खोटं नव्हतं. बोलीवाला गेला तर कारखाना मोडीत जाईल, मग चालू कामगारांचंही काम जाईल. एकदा योजना मंजूर झाली, की तिच्यात नसलेला दावा संपला, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये सांगितलेलं. म्हणजे मंगळवारनंतर त्या बत्तीसजणांच्या हाती फारसं काही उरणार नव्हतं.

'काय करणार आहेस?' मी विचारलं. आतून मला वाटत होतं, गप्प बस बाई, नोकरी सांभाळ. तसं तोंडावर आलंही होतं, गिळलं.

ती लॅपटॉप उघडून बसली. टिपण पुन्हा तयार केलं, परिच्छेद जिथल्या तिथे ठेवला, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि आरपीच्या पत्त्यावर, सरांना प्रत ठेवून, पाठवलं. सव्वाचार वाजले होते. मग म्हणाली, 'आजीला फोन लाव ना.'

मंगळवारची बैठक आरपीनं आठ दिवस पुढे ढकलली आहे. कारण कळवलेलं नाही.